सामाईक मेमरीचा हिशेब: लिनक्स कर्नलचे आकडे कसे वाचावेत

खानापूरच्या एका पतसंस्थेत ४ जीबी रॅमचा एक संगणक सर्व्हर म्हणून वापरला जात होता आणि त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस चालत असे. यंत्र संथ झाल्याची तक्रार आली तेव्हा मी चालू प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमांची, यादी देणारी 'पीएस' कमांड चालवली, डेटाबेसच्या बारा प्रोसेसपुढचे मेमरीचे आकडे कागदावर उतरवले आणि बेरीज केली. ती ४७०० एमबीच्या वर गेली. ४ जीबीच्या रॅममध्ये ४७०० एमबी मावूच शकत नाही, हे तिथेच लक्षात यायला हवे होते. परंतु मी बेरजेवर विश्वास ठेवून रॅम वाढवण्याचा सल्ला दिला, संस्थेने बेळगावहून रॅम आणवली, आणि संथपणा जसाच्या तसा राहिला, कारण दोष डिस्कचा होता. संस्थेचे पैसे माझ्या चुकीच्या बेरजेमुळे खर्च झाले, आणि ती बेरीज चुकली कशी, हे समजून घेतल्यावरच मला कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, हा भाग खऱ्या अर्थाने कळला.

निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांतून बेळगावला येऊन सर्व्हर सांभाळण्याचे काम शिकणाऱ्या, आणि बहुतेक शिक्षण मराठी माध्यमातून झालेल्या मुलामुलींसाठी हे लिहीत आहे. आमच्याकडे एकाच टेबलावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत काम चालते, त्यामुळे इंग्रजी शब्दाची अडचण फारशी येत नाही. अडचण निराळीच आहे. 'शेअर्ड' हा एकच शब्द लिनक्समध्ये चार ठिकाणी चार वेगळ्या अर्थांनी येतो, आणि नवा माणूस ते चारही आकडे एकाच गोष्टीचे आहेत असे समजून चालतो. खाली दिलेला प्रयोग स्वतःच्या यंत्रावर केल्यास हे चार अर्थ एका तासात वेगळे करता येतात.

कमांड आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. यंत्रावर ती रोमन लिपीत टाइप करावीत.

तयारी

कोणतेही अलीकडचे लिनक्स चालेल. 'यूनेम' कमांडला 'आर' हा पर्याय देऊन कर्नलची आवृत्ती पाहून घ्यावी. ती ४.१४ किंवा त्यापुढची असेल तर खाली सांगितलेल्या सर्व फाइली उपलब्ध असतील. कर्नल मेमरीचा हिशेब पानांमध्ये, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यांमध्ये, ठेवतो, आणि आपल्या नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी यंत्रावर एक पान ४०९६ बाइटचे असते. कर्नलच्या फाइलींत जेथे 'केबी' लिहिलेले दिसते तेथे त्याचा अर्थ १०२४ बाइट असा घ्यावा.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी. प्रोसेस मेमरी 'मागते' तेव्हा तिला केवळ पत्ते मिळतात. ती त्या पत्त्याला प्रत्यक्ष हात लावते तेव्हाच कर्नल खऱ्या रॅममधले पान तिला जोडून देतो. म्हणून 'टॉप' या चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडमधील 'व्हर्ट' या रकान्याकडे, म्हणजे मागितलेल्या पत्त्यांच्या बेरजेकडे, या लेखापुरते दुर्लक्ष करावे. 'रेस' हा रकाना मात्र महत्त्वाचा आहे. या क्षणी रॅममध्ये असलेल्या आणि त्या प्रोसेसला जोडलेल्या पानांचा तो आकडा आहे. त्यालाच 'पीएस'मध्ये 'आरएसएस' म्हणतात. मी पुढे त्याला रेसिडेंट आकडा म्हणेन.

पहिली पायरी: कोणाच्याही नावावर नसलेली मेमरी

'फ्री' कमांड 'एम' पर्यायासह चालवावी आणि 'शेअर्ड' या रकान्यातला आकडा लिहून ठेवावा. आता 'डीडी' कमांडने 'झिरो' या उपकरण-फाइलीतून एक एमबीचे २०० तुकडे वाचून ते '/डेव्ह/एसएचएम' या फोल्डरमध्ये 'चाचणी' नावाच्या फाइलीत लिहावेत. फाइलीचे नाव देवनागरीत ठेवले तरी लिनक्सची हरकत नसते. हे फोल्डर डिस्कवर नसून थेट रॅममध्ये असते, आणि नेहमीच्या मांडणीत त्याची कमाल मर्यादा एकूण रॅमच्या निम्मी असते.

पुन्हा 'फ्री' चालवल्यास 'शेअर्ड' रकाना सुमारे २०० एमबीने वाढलेला दिसेल. 'डीडी' तर काम संपवून केव्हाच बंद झाली आहे, आणि 'टॉप'मध्ये कोणत्याही प्रोसेसचा रेसिडेंट आकडा वाढलेला नाही. २०० एमबी रॅम खर्च झाली आहे आणि प्रोसेसच्या यादीत तिचा धनी कोणीच नाही.

हा पहिला अर्थ होय. 'फ्री'मधील 'शेअर्ड' म्हणजे '/प्रॉक/मेमइन्फो' या फाइलीतील 'एसएचमेम' ही ओळ. रॅममधील अशा फाइली, जुन्या सिस्टिम-फाइव्ह पद्धतीचे सामाईक तुकडे, आणि फाइलीशिवाय सामाईक म्हणून मागितलेली मेमरी, या तिन्हींची संपूर्ण यंत्रावरची बेरीज तीत असते. अनेक प्रोसेस मिळून वापरत असलेल्या लायब्रऱ्या तीत धरल्या जात नाहीत, हे विशेष ध्यानात ठेवावे. कर्नल २.६.३२ च्या आधी हा रकाना शून्यच दाखवत असे, त्यामुळे जुन्या पुस्तकांत त्याकडे लक्ष देऊ नये असे लिहिलेले आढळते. आता तो सल्ला चुकीचा आहे.

याच ठिकाणी आणखी एक खाच आहे. 'एसएचमेम'ची पाने 'कॅश'च्या आकड्यातही मोजली जातात. कॅश म्हणजे गरज पडताच मोकळी होणारी रॅम असे आपण शिकलेलो असतो, पण ही पाने तशी मोकळी होत नाहीत; फार तर ती स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर रॅमला पूरक म्हणून ठेवलेल्या जागेत, जातात. म्हणून यंत्रात खरी जागा किती उरली आहे हे पाहताना कॅशची बेरीज करू नये, 'अव्हेलेबल' हा रकाना वाचावा.

दुसरी पायरी: एक प्रोसेस जोडणे

आता पायथॉनमध्ये चार-पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहावा. त्याने ती 'चाचणी' फाइल वाचन-लेखनासाठी उघडावी, 'एममॅप' मॉड्यूलने ती संपूर्ण फाइल मेमरीत जोडून घ्यावी, दर ४०९६ बाइटला एक बाइट वाचत शेवटपर्यंत जावे, आणि मग एंटर दाबेपर्यंत थांबून राहावे. प्रोग्रॅम थांबलेला असताना दुसरा टर्मिनल उघडून त्याचा प्रोसेस क्रमांक शोधावा आणि '/प्रॉक/'पुढे तो क्रमांक व त्यापुढे 'स्टेटस' असे लिहून ती फाइल वाचावी. 'व्हीएम-आरएसएस' ही एकूण रेसिडेंट मेमरीची ओळ सापडेल आणि तिच्या खाली तिचेच तीन भाग असतील: 'आरएसएस-अ‍ॅनन' म्हणजे प्रोसेसची स्वतःची, कोणत्याही फाइलीशी न जोडलेली मेमरी, 'आरएसएस-फाइल' म्हणजे डिस्कवरील फाइलींची आणि लायब्रऱ्यांची पाने, आणि 'आरएसएस-एसएचमेम' म्हणजे आपण नुकतीच जोडलेली तशी सामाईक मेमरी. या शेवटच्या ओळीत २०४८०० केबी, म्हणजे पूर्ण २०० एमबी दिसेल. हे तीन भाग कर्नल ४.५ पासून वेगवेगळे दिसू लागले. त्याआधी केवळ बेरीजच मिळत असे.

'टॉप'मध्ये या प्रोसेससमोरचा 'एसएचआर' रकाना पाहिल्यास तो वरच्या शेवटच्या दोन भागांची बेरीज असल्याचे दिसेल. 'टॉप' तो आकडा 'स्टॅट-एम' नावाच्या फाइलीतील तिसऱ्या संख्येतून घेते, आणि ती संख्या पानांमध्ये असते. हा 'शेअर्ड'चा दुसरा अर्थ, आणि माझ्या मते चौघांत सर्वांत जास्त फसवणारा. या क्षणी आपली फाइल आपल्या एकट्या प्रोग्रॅमने जोडलेली आहे, तरी 'एसएचआर' २०० एमबीहून अधिक आहे. म्हणजे हा रकाना 'इतकी मेमरी इतरांबरोबर वाटली जात आहे' असे सांगत नाही, तर 'ही मेमरी वाटली जाऊ शकेल अशा जातीची आहे' एवढेच सांगतो. रेसिडेंटमधून 'एसएचआर' वजा केला की प्रोसेसची स्वतःची मेमरी मिळते, असा सल्ला अनेक जण देतात. तो का अपुरा आहे, हे पुढे फोर्कच्या, म्हणजे एका प्रोसेसमधून तिच्यासारखीच दुसरी काढण्याच्या, प्रयोगात दिसेल.

त्याच प्रोसेसची 'मॅप्स' ही फाइलही उघडून पाहावी. प्रत्येक ओळीत चार अक्षरांचा परवानगीचा गट असतो आणि त्यातले चौथे अक्षर 'एस' किंवा 'पी' असते. आपल्या 'चाचणी' फाइलीच्या ओळीत ते 'एस' असेल. हा तिसरा अर्थ. 'एस' असल्यास या जोडणीत केलेला बदल मूळ फाइलीत उतरतो, आणि 'पी' असल्यास बदल करताना त्या प्रोसेससाठी पानाची वेगळी प्रत निघते. आता सी लायब्ररीच्या ओळी पाहाव्यात. त्यांत 'पी' लिहिलेले आहे, तरीही त्या लायब्ररीची न बदललेली पाने यंत्रावरील जवळजवळ प्रत्येक प्रोसेस मिळूनच वापरत असते. म्हणजे 'पी' लिहिलेली मेमरी प्रत्यक्षात सामाईक असू शकते, आणि 'एस' लिहिलेली मेमरी, आपल्या प्रयोगातल्यासारखी, एकट्याचीच असू शकते.

तिसरी पायरी: पानापर्यंत जाऊन मोजणारी फाइल

इथपर्यंतचे आकडे कर्नलने ठेवलेल्या मोजणीतून येतात. 'एसमॅप्स' ही फाइल तशी नाही. ती वाचायला घेतली की कर्नल त्या प्रोसेसच्या प्रत्येक पानापर्यंत जातो आणि हे पान सध्या किती ठिकाणी जोडलेले आहे, हे तिथल्या तिथे पाहतो. 'स्टेटस'मधले आकडे वेगासाठी थोडे ढोबळ ठेवलेले असतात. इथले अचूक असतात.

'एसमॅप्स'मध्ये आपल्या 'चाचणी' फाइलीचा भाग शोधल्यास साधारण असे दिसेल ('क्लीन' म्हणजे न बदललेली पाने, 'डर्टी' म्हणजे लिहिली गेलेली पाने; 'पीएसएस'चा अर्थ पुढे येतो):

आरएसएस: २०४८०० केबी
पीएसएस: २०४८०० केबी
शेअर्ड-क्लीन: ० केबी
शेअर्ड-डर्टी: ० केबी
प्रायव्हेट-क्लीन: ० केबी
प्रायव्हेट-डर्टी: २०४८०० केबी

'मॅप्स'ने जिला 'एस' म्हटले, 'टॉप'ने जिला 'एसएचआर'मध्ये धरले, तीच मेमरी इथे 'प्रायव्हेट' म्हणून आली आहे. ही चूक नव्हे. 'शेअर्ड'चा चौथा अर्थ असा आहे की, पान या क्षणी एकाहून अधिक ठिकाणी जोडलेले असेल तरच ते शेअर्ड, नाहीतर प्रायव्हेट. मग ते मागताना कोणत्या पद्धतीने मागितले होते याला महत्त्व नाही.

पहिला प्रोग्रॅम तसाच थांबलेला ठेवून तिसऱ्या टर्मिनलमध्ये तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवावा, आणि पहिल्याचीच 'एसमॅप्स' फाइल पुन्हा वाचावी:

आरएसएस: २०४८०० केबी
पीएसएस: १०२४०० केबी
शेअर्ड-डर्टी: २०४८०० केबी
प्रायव्हेट-डर्टी: ० केबी

पहिल्या प्रोग्रॅमने या दरम्यान काहीही केलेले नाही. तो एंटरची वाट पाहत बसलेला आहे, तरी त्याचा 'प्रायव्हेट' आकडा शून्यावर आला आणि 'पीएसएस' निम्मा झाला. तिसरा प्रोग्रॅम चालवल्यास तो ६८२६६ केबीच्या आसपास येईल.

'पीएसएस' म्हणजे प्रमाणशीर हिस्सा. आपल्याकडे तीन भावांत सामाईक विहीर असली तर प्रत्येक जण 'आमची विहीर आहे' असे म्हणतो आणि त्यात कोणीही खोटे बोलत नाही. परंतु गावात विहिरी किती, हे भावांना विचारून मोजायला निघालो तर एकीच्या तीन होतात. उताऱ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे एक तृतीयांश हिस्सा लिहिलेला असतो, म्हणूनच हिश्शांची बेरीज बरोबर एक विहीर येते. रेसिडेंट आकडा हे भावाचे बोलणे आहे आणि 'पीएसएस' हा उताऱ्यावरचा हिस्सा आहे. एका भावाने हिस्सा सोडला तर विहीर लहान होत नाही, उरलेल्यांचे हिस्से वाढतात. 'पीएसएस'चेही तसेच होते. म्हणून एखाद्या प्रोसेसचा 'पीएसएस' अचानक वाढलेला दिसला तर ती मेमरी गळते आहे असे लगेच ठरवू नये, शेजारची एखादी प्रोसेस नुकतीच बंद झाली का, हे आधी पाहावे.

फोर्क केल्यावर

आणखी एक लहान प्रयोग अवश्य करावा, कारण वेब सर्व्हरांच्या बाबतीत नेमके हेच घडते. पायथॉनमध्ये एखाद्या अक्षराने भरलेला ३०० एमबीचा बाइटचा तुकडा तयार करावा, मग 'फोर्क' करून मूल प्रोसेस काढावी, आणि दोघांनाही थांबवून ठेवावे. दोघांच्याही 'स्टेटस'मध्ये 'आरएसएस-अ‍ॅनन' ३०० एमबीहून अधिक दिसेल आणि 'एसएचआर'मध्ये मात्र काही एमबीच दिसतील. 'रेसिडेंट वजा एसएचआर' या सूत्राने दोघांची मिळून ६०० एमबी स्वतंत्र मेमरी आहे असे उत्तर येते. प्रत्यक्षात ३०० एमबीच खर्च झाली आहे, कारण फोर्कनंतर कर्नल पानांच्या प्रती काढत नाही. जो लिहायला जाईल त्याच्यासाठी, आणि त्याने हात लावलेल्या पानापुरतीच, नवी प्रत काढतो. 'एसमॅप्स' हे बरोबर दाखवते: दोघांकडे तो तुकडा 'शेअर्ड-डर्टी'मध्ये, आणि 'पीएसएस' प्रत्येकी १५० एमबी. मुलाने तो सगळा तुकडा बदलला की दोघांकडेही तो 'प्रायव्हेट' होतो आणि यंत्रावरची मोकळी रॅम खरोखर ३०० एमबीने कमी होते.

पतसंस्थेच्या बेरजेकडे परत

आता त्या बारा प्रोसेसचा हिशेब सरळ होतो. डेटाबेसची सामाईक मेमरी ३८४ एमबी होती, प्रत्येक प्रोसेसने ती वापरता वापरता पूर्णपणे जोडून घेतली होती, आणि प्रत्येकीची स्वतःची मेमरी सुमारे १० एमबी होती. रेसिडेंट आकडा प्रत्येकीपुढे ३९४ एमबी आणि बारांची बेरीज ४७२८ एमबी. 'पीएसएस' मात्र प्रत्येकीपुढे ३२ अधिक १०, म्हणजे ४२ एमबी, आणि बारांची बेरीज ५०४ एमबी. खरा खर्च तेवढाच होता.

पोस्टग्रेसची प्रोसेस जशी काम करते तशी ती सामाईक मेमरीची अधिकाधिक पाने हाताळते, त्यामुळे तिचा रेसिडेंट आकडा तासातासाने चढत जातो. नवख्या माणसाला ती गळती वाटते. 'स्टेटस'मधील 'आरएसएस-अ‍ॅनन' स्थिर आहे आणि 'आरएसएस-एसएचमेम'च चढत आहे, असे दिसल्यास चिंता करण्याचे कारण नाही.

म्हणून आकडा निवडण्याआधी आपला प्रश्न काय आहे ते ठरवावे. अनेक प्रोसेस मिळून किती रॅम खातात हे हवे असेल तर 'पीएसएस'ची बेरीज करावी. एक प्रोसेस बंद केली तर किती रॅम सुटेल हे हवे असेल तर 'प्रायव्हेट-क्लीन' आणि 'प्रायव्हेट-डर्टी' यांची बेरीज पाहावी, जिला 'यूएसएस' म्हणतात. पण आपल्या पहिल्या प्रयोगाची इथे आठवण ठेवावी: '/डेव्ह/एसएचएम'मधील फाइल एकट्या प्रोसेसने जोडलेली असली तर ती 'प्रायव्हेट'मध्ये दिसते, आणि प्रोसेस मारली तरी फाइल रॅममध्येच राहते. स्वॅपच्या बाबतीतही सावध असावे, कारण 'स्टेटस'मधील 'व्हीएम-स्वॅप' या ओळीत सामाईक मेमरीची स्वॅपमध्ये गेलेली पाने धरलेली नसतात.

हे आकडे दररोज पाहायचे असतील तर 'एसमॅप्स'ऐवजी 'एसमॅप्स-रोलअप' ही फाइल वाचावी. तीत सर्व भागांची बेरीज एकदाच मिळते. तरीही पानोपानी फिरण्याचे कष्ट कर्नलला पडतातच. उद्यमबागेतील एका फौंड्रीच्या सर्व्हरवर दर ५ सेकंदांनी प्रत्येक प्रोसेसची 'एसमॅप्स' वाचणारी स्क्रिप्ट लावलेली मी पाहिली आहे, आणि त्या यंत्राच्या प्रोसेसरचा मोठा वेळ ते मोजण्यातच जात होता. सततच्या पाहणीसाठी 'स्टेटस' पुरेशी असते. शंका आली की मगच 'एसमॅप्स'कडे वळावे. इतर वापरकर्त्यांच्या प्रोसेसची 'एसमॅप्स' वाचण्यासाठी रूटचे अधिकार लागतात. ते नसताना काही बेरीज आलीच तर ती फक्त आपल्या स्वतःच्या प्रोसेसची आहे, हे ओळखावे.

सिस्टिम-फाइव्ह पद्धतीचे तुकडे 'आयपीसीएस' कमांडला 'एम' पर्याय देऊन पाहता येतात. तेथील 'बाइट्स' हा मागितलेला आकार असतो, प्रत्यक्ष रॅममधला नव्हे, आणि 'एन-अटॅच' म्हणजे सध्या किती जोडण्या आहेत ती संख्या. ती शून्य असेल आणि तो तुकडा कोणत्या प्रोग्रॅमचा आहे याची खात्री झाली असेल, तरच तो 'आयपीसीआरएम'ने काढावा. शून्य जोडणीचा तुकडा एखाद्या प्रोग्रॅमने पुढच्या वेळेसाठी मुद्दाम ठेवलेला असू शकतो. कंटेनर वापरत असाल, म्हणजे प्रोसेसचे वेगळे गट करून प्रत्येक गटाच्या मेमरीचा हिशेब स्वतंत्र ठेवत असाल, तर एवढे लक्षात ठेवावे की सामाईक पानाचा खर्च गटांमध्ये वाटला जात नाही. ज्या गटाने त्या पानाला प्रथम हात लावला त्याच्याच खात्यावर तो पूर्ण पडतो.

शेवटची पायरी: आवराआवर

तिसरा प्रोग्रॅम चालवला असल्यास तो आधी बंद करावा. पहिले दोन्ही प्रोग्रॅम अजून थांबलेले असताना 'आरएम' कमांडने 'चाचणी' फाइल काढून टाकावी. फोल्डरमधून ती नाहीशी होईल, परंतु 'फ्री'मधील 'शेअर्ड' रकाना हलणार नाही, आणि 'मॅप्स'मध्ये तिच्या नावापुढे 'डिलीटेड' असा शेरा दिसू लागेल. पहिल्या प्रोग्रॅममध्ये एंटर दाबून तो बंद करावा. रकाना अजूनही तसाच राहील आणि दुसऱ्याचा 'पीएसएस' १०२४०० वरून २०४८०० केबीवर जाईल. मग दुसराही बंद करून पुन्हा एकदा 'फ्री' चालवावी, आणि सुरुवातीला लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून पाहावी.